मस्टरवरून नाव गेलं तरी देणं बुडत नाही

नळदुर्ग, अणदूर, जळकोट, ईटकळ भागातल्या कामगार बंधूंनो,

आपल्या नळदुर्गचा तुळजाभवानी साखर कारखाना कित्येक हंगाम बंद राहिला. ढोकीच्या तेरणा कारखान्याचीही तीच गत झाली. चिमणी थंडावली की फिटर, पॅनमन, वेल्डर, बॉयलर अटेंडंट घरी बसत नाहीत. कोणी सीमेपलीकडच्या कारखान्यात हंगामापुरता जातो, कोणी सोलापूर-पुण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागतो. हातात कसब असल्यानं पोट भरतं. पण माणसं पांगतात आणि थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, पीएफ मागायला मागे कोणी उरत नाही.

बंद कारखाना भाड्यानं गेला की जो तो हात झटकतो. चालवायला घेणारा म्हणतो, जुनं देणं माझं नाही. जुनं संचालक मंडळ म्हणतं, तिजोरी रिकामी आहे. बँक म्हणते, आधी आमचं कर्ज. म्हणून भाडेकरारावर सह्या होण्याआधीच दोन गोष्टी त्यात लिहून घ्यायला लावा: जुनं देणं कोण फेडणार, आणि भरती करताना जुन्या कामगारांना आधी बोलावणार की नाही. सह्या झाल्यावर मोर्चे काढून फारसं हाती लागत नाही.

पण हे मागायचं कोणी? युनियननं, हे उत्तर सोपं आहे, पण तिथंच घोडं अडतं. २०२५च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ५१ टक्के कामगार ज्या युनियनकडे, ती एकटी वाटाघाटी करते. हे टक्के मोजतात मस्टरवरच्या नावांवरून. बाहेर काढलेला माणूस त्या मोजणीत नाही, त्यामुळे युनियनच्या पुढाऱ्यांना त्याची फिकीर नसते. मला हा सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. मात्र त्याच कायद्यात कामावरून कमी केलेला माणूस आपल्या वादापुरता कामगारच राहतो. त्याला एकट्यालाही कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, फक्त दोन वर्षांच्या आत. कपात झालेल्याला दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो. हंगामी कामगारांना ग्रॅच्युइटी नसते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पात्र हंगामी कामगाराला ती दर हंगामामागे सात दिवसांच्या पगाराइतकी मिळते.

गेटबाहेरच्यांनी हक्क कसा मिळवायचा, त्यासाठी मुंबईच्या गिरण्यांकडे पाहा. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पण १९४६च्या कायद्यानं मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनला, आणि सरकार मान्यता नसलेल्याशी बोलायला तयार नव्हतं. कामगार एकाकडे, शिक्का दुसऱ्याकडे. हजारो संसार उघड्यावर आले. त्याच संहारातून पुढे दत्ता इस्वलकरांच्या नेतृत्वाखाली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी राहिली. नोकरी गेलेल्यांची, गेटबाहेरच्यांची ही संघटना. गिरण्यांच्या जमिनीवर आम्हाला घरं द्या, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली आणि २०१२मध्ये म्हाडानं हजारो घरांची सोडत काढली. पात्र कोण, तर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा असलेला. तीस वर्षांपूर्वीचा गिरणीचा पास, ईएसआयचं कार्ड, पीएफची पावती ज्यानं जपली, त्याचं नाव यादीत लागलं. सगळ्यांना घरं मिळालेली नाहीत, तरी जे मिळालं ते मान्यताप्राप्त युनियनच्या दारात बसून मिळालं नाही.

तेव्हा नेता शोधण्याआधी यादी करा. नाव, खातं, कायम की हंगामी, किती हंगाम, किती थकलंय. सोबत नेमणूकपत्र, पगारपत्रक, पीएफ क्रमांक यांच्या झेरॉक्स. गावी नसलेल्यांना फोन करून त्यात घ्या. वारलेल्या कामगारांच्या बायकांना विसरू नका, ते येणं आता त्यांचं आहे. कारखान्याच्या संस्थेवर अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमला असेल तर त्याच्याकडे लेखी दावा द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनाला कुठल्याच कचेरीत किंमत नाही.

आणि सध्याच्या युनियनला लेखी विचारा: बाहेर गेलेल्यांना सभासद ठेवणार का, आणि वाटाघाटीत आमचा एक माणूस बसवणार का? पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या गाळप हंगामाची वाट पाहू नका, आपली समिती स्थापन करा.