भुलाबाई शोकेसमध्ये नको

नवरात्र आलं की ऑफिसच्या ग्रुपवर गोलूच्या फोटोंचा पूर येतो. पायऱ्यांवर ओळीने बाहुल्या, वरून लाइटिंग. तमिळ मित्रांचं ठीक आहे हो, त्यांच्याकडे आजीच्या लग्नातल्या मरपाच्ची बाहुल्या असतात. पण आमच्या यवतमाळकडचे वीर ऑनलाइन सेट मागवतात आणि सहा वर्षांच्या लेकीवर ओरडतात, "हात लावू नकोस, पडेल!" तेव्हा माझी सटकते. अरे, बाहुली मांडायची आणि पोरीलाच लांब ठेवायचं?

आमच्या मारेगावकडे भुलाबाई बसते. विदर्भ-खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो: भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, दोघं मातीचे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोट्ट्या घरोघरी जाऊन गाणी म्हणतात. मग झाकलेला डबा खडखडवायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. गोड की तिखट? दाणे की फुटाणे? ओळखेपर्यंत झाकण उघडत नाही. भटजी नाही, मुहूर्त नाही. सगळी अ‍ॅडमिन राइट्स दहा-बारा वर्षांच्या मुलींकडे! आम्हा पोरांचं काम एकच, कोजागिरीच्या मखरासाठी ज्वारीचे पाच धांडे आणून द्यायचे. (आता शिवारभर कापूस आणि सोयाबीन, धांडे शोधत फिरावं लागतं. असो.)

आणि गाणी कसली? सासू, सासरा, नणंद, दीर, सगळ्यांची यथेच्छ टवाळी. ज्या घरात सुनेनं मोठ्यानं हसलेलं चालत नव्हतं, त्याच घराच्या अंगणात पोरी देवासमोर सासूची खिल्ली उडवायच्या आणि सासूबाई खाऊचा डबा घेऊन ऐकत बसायच्या. ही सोय मुलींनी स्वतः चालवली होती. ती काढून आपण त्यांच्या हातात काय दिलं, तर मोबाइल. आणि "फोटोसाठी इथे उभी राहा."

'संस्कृती जपणाऱ्या' मंडळींचं तर विचारूच नका. भुलाबाईची स्पर्धा! नऊवारी, परीक्षक, गुण. छापील कागदावरून पाठ केलेल्या गाण्यात कसली आलीय टवाळी?

"पण आजच्या मुलींनी सासूची गाणी का म्हणायची?" असं एक मित्र विचारतो. नका म्हणू दे. ट्यूशनच्या सरांवर रचू देत, रात्री दहाला कॉलवर बसणाऱ्या बाबांवर रचू देत. ही गाणी कोणी लॉक केलेली नाहीत, म्हणणारीनं कायम त्यात आपलं घुसडलंय. मुलांना खेळायला घ्यायचं की नाही, तेही त्यांनाच ठरवू द्या. आपण फक्त डबा भरायचा आणि टीका ऐकून घ्यायची. तेवढं आपल्याच्यानं होत नाही, खरी गोम ती आहे.

राहता राहिलं मूर्ती फुटायचं. फुटली तर फुटली. मातीची तर आहे, आणि कोजागिरीनंतर आमच्याकडे ती तशीही पाण्यातच जाते.