पायपेटी वाजू द्या

गेल्या जत्रेला गावच्या देवळात गेलो होतो. अग्रशाळेच्या एका खोलीत जुनी पायपेटी दिसली, नाटकवाल्यांच्या भाषेत ऑर्गन. वर प्लास्टिक, त्यावर समयांचं खोकं. लहानपणी डोळे चोळत पाहिलेल्या संगीत नाटकांना हीच साथीला असायची.

समितीतला एक जुना सवंगडी म्हणाला, "एक हॉटेलवाला मागतोय, दर्शनी भागात ठेवायला. काहीजण म्हणतात, काचेच्या कपाटात ठेवूया."

"आणि वाजवायची नाही?"

"जुनी वस्तू रे. मोडली तर?"

हा प्रश्न प्रेमापोटीच आला होता, पण मला तो पटत नाही. पायपेटी वाजवल्याने झिजते हे खरं, पण न वाजवता पडून राहिली तर त्याहून लवकर मरते. पायाखालच्या फळ्या आळीपाळीने दाबल्या की भाता आतली हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा पितळी सुरांमधून आत शिरताना नाद उमटतो. पेटी बंद राहिली की सुरांवर धूळ बसते, आमच्या चार महिन्यांच्या पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आतलं लोकरी कापड उंदीर कुरतडतात. रोज वाजवणारा हात असेल तर बिघाड त्याच दिवशी कळतो. कपाटातल्या पेटीचा बिघाड कोणाला कळणार?

म्हणून प्रत्येक जुनी वस्तू वापरलीच पाहिजे, असं मी म्हणत नाही. भात्याचं कापड बदलता येतं, पण चुकीच्या हाताने घासलेला सूर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. एखाद्या थोर कलावंताची एकुलती एक पेटी संग्रहालयातच शोभेल. बाणावलीच्या 'गोवा चित्र' संग्रहालयात शेतीची जुनी अवजारं आहेत, ती तिथेच योग्य, कारण त्यातल्या बऱ्याच अवजारांचं कामच आता उरलेलं नाही.

पायपेटीचं काम मात्र उरलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० साली रंगभूमीवर आलं. पुढे बालगंधर्वांच्या पदांमागे ऑर्गनचा भरदार स्वर उभा राहिला. मंगेशीच्या दीनानाथांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. तो वारसा आम्ही गोंयकार आजही जत्रेच्या निमित्ताने चालवतो. फक्त साथीला आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. तो एकटा माणूस काखेत मारून नेतो. पायपेटीला चौघं लागतात. अडचण खरी आहे, पण देवळाच्या चौकातल्या नाटकाला पेटी अग्रशाळेतून कितीशी दूर न्यायची?

शिवाय पेटीबरोबर हुनरही जातं. गायकाने स्वर हलका केला की पाय सैल सोडायचा, तान चढली की दाब वाढवायचा, हे बोटांचं नव्हे, पायांचं शहाणपण. ते कपाटात ठेवता येत नाही. दुरुस्त करणारा कारागीरही काम मिळालं तरच टिकतो.

माझं समितीला इतकंच सांगणं आहे. जाणत्या कारागिराकडून पेटी दुरुस्त करून घ्या, सुरांना नवख्याचा हात लागू देऊ नका, आणि गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला रोज अर्धा तास तिच्यावर बसवा. पुढच्या जत्रेची नांदी तिच्यावर होऊ दे.

निर्णय अजून व्हायचा आहे. तूर्त समयांचं खोकं तेवढं मी खाली उतरवून आलो.