फणिवर म्हणजे काय?

मे महिन्याच्या सुट्टीत यंदा कुठे जायचे, यावर आमच्या घरी मुलांची परीक्षा संपायच्या आधीपासून खल चालला होता. मुलांना समुद्र हवा होता. ह्यांना "एकदा तरी परदेश" हवा होता. आणि सासूबाईंची अट एकच, "जिथं देऊळ असेल आणि मला खायला मिळेल तिथं न्या. नाहीतर मी घरीच बरी." तिन्ही अटींत बसणारे एकच नाव निघाले, मॉरिशस. मुंबईहून थेट विमान, सहा-एक तासांचा प्रवास आणि व्हिसासाठी खेटेही नाहीत.

विमानतळ सोडला आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. सासूबाई खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "एवढे पैसे घालून चिकोडीलाच आणलंस की रे!" पण मधूनच कोपऱ्यावर काळ्या दगडांचे ढीग दिसत होते. हे बेट ज्वालामुखीचे. हे दगड हाताने वेचून बाजूला रचले, तेव्हा कुठे उसाला जमीन मिळाली. ते कुणी वेचले, हे आम्हाला पुढे कळायचे होते. घराघरांच्या अंगणात छोटीशी मारुतीची घुमटी आणि उंच काठीवर लाल झेंडा. सासूबाईंनी प्रत्येक झेंड्याला हात जोडले. शेवटी दमल्या.

खाण्याची काळजी पहिल्याच दिवशी मिटली. तिथे रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते. उकडलेल्या डाळीचे वाटलेले सारण भरून लाटलेली मऊ पोळी, आत रसभाजी आणि चटणी. नेहमी दोन-दोनच्या जोडीने देतात. एक घास खाऊन सासूबाई म्हणाल्या, "गूळ विसरलेली पुरणपोळी आहे बघ ही." आणि दुसरी जोडी मागवली.

गंगा तलाव तर बघायलाच हवा. डोंगरावरचे हे मूळचे ज्वालामुखीचे विवर. १९७२ साली भारतातून गंगेचे पाणी आणून यात मिसळले. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी येतात. काठावर शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे, २००७ मध्ये उभारलेली. तिचा फोटो बडोद्याच्या नणंदबाईंना पाठवला, तर तिकडून लगेच उत्तर, "अगं, हा तर आमच्या सुरसागरचा महादेव!" खरेच आहे ते. बडोद्याच्या सुरसागर तलावातल्या मूर्तीवरूनच ही घडवली आहे.

मग राजधानी पोर्ट लुईतला आप्रवासी घाट. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर करारावर इथे उतरवले गेले. १९२० पर्यंत सुमारे पाच लाख. २००६ पासून हा घाट जागतिक वारशाच्या यादीत आहे. धक्क्यावरून वर यायला १६ पायऱ्या. धाकट्याने पळत मोजल्या. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबईच्या बंदरातूनही जहाजे सुटत आणि त्यांत आपले कोकणातले लोक होते. उतरल्यावर प्रत्येकाला एक नंबर मिळे. कारकुनाने कागदावर जे नाव जसे ऐकले तसे लिहिले. आज्या-पणज्याचे ते नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले. सासूबाई तळच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिल्या. "पोटासाठी कुठं येऊन पडली की माणसं," एवढेच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आता आली पंचाईत! सासूबाई चंद्रोदयाशिवाय उपास सोडत नाहीत आणि दिनदर्शिकेवरची वेळ मॉरिशसला लागू नाही. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. ह्यांनी मोबाईल काढला, पण सासूबाईंचा मोबाईलवर विश्वास नाही. "भटजींना विचारा." म्हणून चौकशी करत पश्चिमेकडच्या एका मराठी देवळात गेलो. तिकडे मराठी वस्ती बरीच. गणेश चतुर्थीला तर साऱ्या देशाला सरकारी सुट्टी असते.

देवळात पन्नासेक माणसे होती. आरती सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. तीच चाल, तशाच टाळ्या, तोच टाळांचा ठेका. समोर सत्तरीचे एक आजोबा डोळे मिटून खणखणीत म्हणत होते. एक अक्षर चुकले नाही. शेजारी माझी लेक, बेळगावची, मोबाईलवर रोमन अक्षरांतली आरती वाचत दुसऱ्या कडव्याला अडखळलेली. इंग्रजी माध्यम! हिंदीमुळे अक्षरे ओळखते, पण जोडाक्षर आले की ठेच लागते. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिले, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या शाळेत तिला घातले कुणी?

आरती झाल्यावर सासूबाई कौतुकाने आजोबांजवळ गेल्या. "काय सुरेख म्हणता हो! कुठल्या गावचे तुम्ही?" आजोबा नुसतेच हसले. मग मोडक्या हिंदीत म्हणाले, "माँजी, मराठी बोलना नहीं आता." सासूबाई अवाक् झाल्या. घरात क्रिओल, पेपर फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. मराठी देवापुढची. वडिलांकडून ऐकून पाठ केलेली. त्यांनी एक जुनी वही दाखवली, त्यात सगळ्या आरत्या फ्रेंच धाटणीच्या रोमन लिपीत, 'उ'साठी 'ओ' आणि 'यू'.

मग त्यांनी वहीतल्या एका शब्दावर बोट ठेवले. "साठ साल से गाता हूँ. इसका मतलब?" शब्द होता फणिवरबंधना.

मैत्रिणींनो, खरे सांगते, मला येत नव्हते. मराठी घेऊन बी. ए. झालेली मी! ह्यांच्याकडे पाहिले, ते चपलांकडे पाहू लागले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "फणिवर म्हणजे नागराज. गणपतीनं पोटाला नाग बांधलाय की नाही? तेच ते." चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या सासूबाई.

पण हे आजोबांना सांगायचे कसे? सासूबाईंना हिंदी बेतास बात. इतका वेळ कंटाळलेली माझी लेक पुढे झाली. तिने आज्जीचे ऐकून आजोबांच्या नातीला इंग्रजीत सांगितले, नातीने आजोबांना क्रिओलमध्ये. आजोबांनी गाभाऱ्यात जाऊन मूर्तीचे पोट निरखून पाहिले. नाग होता. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

ती नात दहा वर्षांची. तिकडे शाळेत मराठी विषय घेता येतो आणि तिने तो घेतला आहे. तिला आपली अक्षरे स्वच्छ वाचता येतात, पण अर्थ कळत नाही. आमचीला अर्थ कळतो, पण अक्षरे अडतात. दोघी देवळाच्या पायरीवर ती वही मध्ये घेऊन बसल्या. एक वाचत होती, दुसरी सांगत होती. दोघींना येईना ते आज्जीला विचारत होत्या. भटजींनी सांगितलेल्या वेळेला चंद्र उगवला, तरी सासूबाईंना उपास सोडायची शुद्ध नव्हती. शेवटी आजोबांच्या सूनबाईंनीच उकडलेली रताळी आणि केळी आणून पुढ्यात ठेवली.

मी मनात म्हणत होते, दीडशे वर्षांपूर्वी नंबर घेऊन उतरलेल्या माणसांनी अर्थाशिवाय शब्द सांभाळले. आपल्याकडे अर्थ सांगणारी माणसे घरातच बसलेली आहेत आणि आपण त्यांना विचारत नाही. त्यांच्या मुलांनी शाळेत मराठी घेतली, आम्ही आमच्या मुलांची सोडवली. मग कुणाची मराठी गेली म्हणायची?

परत येऊन महिना झाला. रोज रात्री जेवणे आटोपली की लेक वही घेऊन आज्जीपाशी बसते. आरतीतला एकेक शब्द, त्याचा अर्थ, खाली इंग्रजीत. लिहून झाले की फोटो काढून तिकडे पाठवते. तिकडून नातीचे देवनागरीत एका ओळीचे उत्तर येते. ते वाचायला आमचीला आता पहिल्याइतका वेळ लागत नाही.

आतापर्यंत अकरा शब्द झालेत. बाराव्यावर काल आज्जीच अडल्या. "थोरल्या वन्संना फोन लाव," म्हणाल्या, "त्यांना येत असेल."