वूफर नवा, क्रॉसओव्हर जुना

नोकरीसाठी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत जाऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. अशा घरांत सामानाच्या ट्रकमधून कधीकधी वडिलांचे जुने स्पीकरही येतात. जड लाकडी खोकी, पुढे कापडाची जाळी. काही वर्षे ते छान वाजतात आणि एक दिवस तबल्याबरोबर फरफर ऐकू येऊ लागते. जाळी काढून पाहावे, तर मोठ्या स्पीकरच्या, म्हणजे वूफरच्या कडेचा फोम बोट लागताच भुगा होऊन पडतो. यात दोष कुणाचाच नाही. त्या काळचा हा फोम हवेतल्या ओलाव्याने पंधरा-वीस वर्षांत कुजतोच.

कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या कंपनीने १९७८ मध्ये ही वसाहत उभारायला घेतली, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या उद्योगासाठी. आज तिथे संगणकाच्या कंपन्यांची गर्दी आहे. सुटा वूफर हवा असेल, तर मात्र जुन्या शहरातला एस. पी. रोड गाठावा लागतो. पुणेकरांची तापकीर गल्ली किंवा मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड, तसाच हा बाजार. दुकानदार विचारतो, ‘किती इंची?’ आठ इंची म्हटले की वूफर हातात पडतो. तो घरी आणून चार स्क्रू पिळले की आवाजही दणदणीत येतो. पण दोन दिवसांनी आजोबा म्हणतात, ‘ठेका ऐकू येतोय, पण गाणारा लांब गेल्यासारखा वाटतो.’

आजोबांचे कान बरोबर सांगत असतात. इंच जुळले, क्रॉसओव्हर जुळला नाही!

क्रॉसओव्हर म्हणजे खोक्याच्या आत बसवलेली आवाजाची चाळणी. तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, उंच सूर वूफरकडे जाऊ देत नाही. कपॅसिटर खालचे सूर छोट्या ट्वीटरकडे जाऊ देत नाही. मात्र या चाळणीची भोके किती मोठी, हे एकट्या कॉइलवर ठरत नाही. पुढे जोडलेला वूफर किती ओहमचा आहे, यावरही ते अवलंबून असते.

एका कॉइलची साधी रचना घेऊ. अर्ध्या मिलिहेन्रीची कॉइल ८ ओहमच्या वूफरला साधारण २५०० हर्ट्झपर्यंतचे सूर देते. त्याच जागी ४ ओहमचा वूफर लावला की ही सीमा १२५० वर येते. ट्वीटर तर पूर्वीसारखा २५०० पासूनच जोर धरतो. मध्ये खड्डा पडतो आणि गाण्यातले शब्द स्पष्ट करणारे सूर नेमके तिथेच असतात. शिवाय ४ ओहमचा वूफर अ‍ॅम्प्लिफायरकडून जास्त विद्युतप्रवाह ओढतो. जुना अ‍ॅम्प्लिफायर त्याने तापतो, प्रसंगी जळतोही.

ओहम जुळले तरी काम संपत नाही. तेवढ्याच विजेवर नवा वूफर ३ डेसिबलने हळू वाजत असेल, तर जुन्याइतक्या आवाजासाठी त्याला दुप्पट वीज लागते. मग ट्वीटर वरचढ होतो आणि गाणे किणकिणते.

मोठमोठ्यांनाही हे टाळता आलेले नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर तयार केला. त्यातला वूफर केईएफ कंपनीचा होता. पुढे या वूफरचे गुणधर्म बदलत गेले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या स्पीकरसाठी क्रॉसओव्हरच नव्याने आखावा लागला.

मग घरी काय करावे?

पहिली गोष्ट, जुना वूफर फेकू नका. त्याच्या शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून अलगद, सरळ आत दाबा. घासल्याचा आवाज आला नाही, तर आतली कॉइल बहुधा शाबूत आहे. वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा वूफर साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ४ ओहमचा ३ च्या थोडा वर. कॉइल ठीक असेल, तर कारागिराकडून फक्त कडा बदलून घ्या. खर्च वाचतो आणि वूफर-क्रॉसओव्हरची जोडीही अभंग राहते.

नवा घ्यावाच लागला, तर दोन्ही खोक्यांसाठी एकसारखे वूफर घ्या. दुकानात जाताना जुना वूफर आणि क्रॉसओव्हर दोन्ही बरोबर न्या. ओहम आणि डेसिबल विचारा. खोक्याचे आतले माप सांगा, कारण खालचे सूर त्यावरही ठरतात. फरक असेल, तर जाणकाराकडून कॉइल-कपॅसिटरची मूल्ये नव्याने ठरवून घ्या. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. ते बदलताना मूल्य तेच ठेवा आणि कपॅसिटर ‘नॉन-पोलर’ जातीचाच मागा.

बसवण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. सेलची अधिक बाजू वूफरच्या अधिक टोकाला लावल्यावर जुन्या-नव्याचा शंकू एकाच दिशेने हलला पाहिजे.

शेवटी, एका खोक्याचे काम झाले की दुसऱ्याला लगेच हात लावू नका. त्याचा वूफर धड असेल, तर घरातल्या सर्वांच्या ओळखीचे गाणे आधी एका खोक्यावर, मग दुसऱ्यावर लावा. ढोलक्याचा दणका कितीही आवडो, कान गाणाऱ्याच्या शब्दांकडे द्या. दोन्हीकडे ते सारखेच जवळ वाटले, तरच कारागिराचे पैसे चुकते करा.