‘ओके’चा अर्थ कोणता?

उक्ती म्हणजे केवळ वाक्य नव्हे, ती एक कृती असते, हे आपण या घटकात पाहिले. हा सिद्धान्त परीक्षेपुरताच आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफ येथे झालेला अपघात अभ्यासावा.

विमानतळावर दाट धुके होते. केएलएमचे विमान धावपट्टीच्या टोकाला उभे होते आणि पॅन ॲमचे विमान त्याच धावपट्टीवरून समोरून येत होते. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या सूचनेत ‘टेकऑफ’ हा शब्द होता, उड्डाणाची परवानगी मात्र नव्हती. सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली व शेवटी जोडले, ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ’. विमान सज्ज होऊन उभे आहे, असे नियंत्रकाला वाटले. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. (सहवैमानिकाची मातृभाषा डच. चालू क्रिया दाखवणारी डच रचना त्याच्या इंग्रजीत उतरली असावी, असे काही अभ्यासक मानतात.) नियंत्रक म्हणाला, ‘ओके’, आणि क्षणभराने, ‘थांबा, मी कळवतो’. नेमके तेव्हाच पॅन ॲमनेही आपण अजून धावपट्टीवर असल्याचे सांगितले. दोन संदेश एकमेकांत मिसळून केएलएमच्या कक्षात कर्कश आवाज झाला. स्पष्ट पोचला तो ‘ओके’ तेवढा. ५८३ माणसे मरण पावली.

‘ओके’ म्हणजे ‘ऐकले’ की ‘मान्य आहे’? आपल्या ‘बरं’चीही हीच गत आहे. घरात ‘बरं’ म्हणणाऱ्याने होकार दिला की बोलणे नुसते ऐकून घेतले, हे आपण चेहऱ्यावरून ताडतो. रेडिओवर चेहरा नसतो. त्या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक रूढ झाला.

परंतु सारा दोष परभाषकाच्या कच्च्या इंग्रजीचा, हे मत मला मान्य नाही. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हिआंका या कोलंबियन कंपनीचे विमान इंधन संपून न्यूयॉर्कजवळ कोसळले. ७३ जण दगावले. कप्तानाने आणीबाणी कळवण्यास स्पॅनिशमध्ये सांगितले होते. सहवैमानिकाने इंग्रजीत ‘इंधन संपत आले आहे’ एवढेच कळवले. ठरलेली संज्ञा उच्चारली नाही, ही त्याची चूक खरीच. पण नियंत्रकाने विमानाला लांबचा वळसा देताना विचारले ते असे : तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला हे चालेल ना? उत्तर आले, ‘चालेल बहुधा, आभारी आहोत’. ‘ना’ने संपणारा प्रश्न होकारच मागतो, आणि संकोची परभाषक तो देतो. ‘आणीबाणी आहे काय?’ असा थेट प्रश्न तेथे हवा होता.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषाकसोटीत वैमानिक व नियंत्रकाला किमान चौथी पातळी गाठावी लागते, आणि ठरावीक काळाने ती परीक्षा पुन्हा द्यावी लागते. सहाव्या पातळीवर पोचलेल्याची मात्र पुन्हा परीक्षा होत नाही, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले बहुधा याच पातळीवर गणले जातात. माझ्या मते त्यांचीही नियमित परीक्षा व्हावी : सोपे बोलण्याची आणि अडखळते इंग्रजी ऐकून घेण्याची. त्या परीक्षेत ‘चालेल ना?’ असे विचारणाऱ्याचे गुण कापावेत.