सुटकेच्या दुसऱ्या दिवशी

दिवाळी जवळ आली की पुण्यात येरवडा कारागृहाच्या वस्तूंच्या विक्रीला गर्दी होते. कैद्यांनी केलेले आकाशकंदील, पणत्या, सतरंज्या, लाकडी सामान लोक निरखून पाहतात, कामाच्या सफाईचे कौतुक करतात आणि आनंदाने घरी नेतात. वस्तू घरात जाते. ती घडवणारा माणूस शिक्षा भोगून बाहेर आला आणि ‘काम द्या’ म्हणाला, तर मात्र त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले जाते. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग या माणसांविषयी आहे. त्याहून अधिक तो त्यांच्या मागे घर चालवणाऱ्या बायकांविषयी आहे.

बायकांविषयी म्हणायला कारण आहे. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांत स्त्रिया होत्या २३,७७२. म्हणजे बाहेर वाट पाहणारे माणूस बहुतेक घरांत बाईच. (बाई आत गेली तर तिची वाट पाहायला घरचे कितीजण थांबतात, हा प्रश्न याहून दुखरा आहे.) तुरुंगांतल्या या सगळ्या माणसांपैकी ४,३४,३०२ जण, म्हणजे चारांतले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबित झालेला नव्हता. अशांतले कित्येक पुढे निर्दोष सुटतात. पण गल्ली निकालपत्र वाचत नाही. तिने पोलिसांची गाडी दारात पाहिलेली असते.

नवरा आत गेला की पहिल्याच महिन्यात मंगळसूत्र गहाण पडते, कारण वकिलाची फी थांबत नाही. मग चार घरची धुणीभांडी, बचत गटाचा हप्ता, आणि मुलांना शाळेत सांगायला शिकवलेले वाक्य: बाबा कामासाठी बाहेरगावी असतात. तुरुंगात त्याच्या भेटीला जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, तेवढाच दिलासा.

आणि एक दिवस तो सुटतो. ओवाळणी होते, गोडधोड होते. रात्री ती दिवा मालवते आणि त्याला झोप येत नाही, कारण बराकीत रात्रभर दिवा चालू असतो. अंधाराचीच सवय गेलेली. तो उठून दिवा लावतो, मुले जागी होतात. सकाळी दार नुसते लोटलेले असते, तरी कोणी उघडेल म्हणून तो आत उभा राहतो. वर्षानुवर्षे दाराची कडी दुसऱ्याच्या हातात होती. हे ती बघते, कुणाला सांगत नाही आणि सहाच्या ठोक्याला कामावर जाते. सुटकेच्या दुसऱ्या दिवशीही घरात पैसा तिचाच येणार असतो.

कामाचा शोध कागदांपासून सुरू होतो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो, वाहन परवान्याची मुदत संपलेली असते. सुरक्षारक्षकाची नोकरी धरायची तर चारित्र्य पडताळणी आडवी येते. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते. खरे सांगितले तरी कामावर घ्यायचे बंधन मालकावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात २०१६ साली ही स्थिती स्पष्ट केली. उरतो मजूर अड्डा, कारण तिथे कोणी काही विचारत नाही. आत सुतारकाम शिकून हात बसलेला माणूस बाहेर येऊन सिमेंटची पोती वाहतो. हे त्याच्या घराचे नुकसान आहेच, समाजाचेही आहे.

काहीच घडत नाही असे नाही. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला जामीनदाराशिवाय, तारणाशिवाय ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, परतफेड त्याच्या तुरुंगातल्या कमाईतून. मुलाची फी भरायला आतला बाप उपयोगी पडतो, ही गोष्ट त्या घरात फार मोठी असते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात आणि कैद्यांच्या मुलांचाही तिथे विचार होतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या आणि सुटून आलेल्यांच्या पुनर्वसनासाठी झटतो आहे. पण घर सावरणाऱ्या बायकोला नजरेसमोर ठेवून आखलेली योजना शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. पुनर्वसन ‘त्याचे’ होते. ते करते मात्र ती.

पुनर्वसन घरासह व्हावे लागते, ही गोष्ट औंध संस्थानाला १९३९ साली उमगली होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवताना संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांना उघड्या शेतावर आणले. कैद्याने बायकामुलांसह तिथे राहायचे, जमीन कसायची. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’ या सिनेमामागची प्रेरणा हीच, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. सिनेमा सगळ्यांच्या लक्षात राहिला. कैद्याबरोबर त्याचे घरही वसवायचे, हा त्या वसाहतीचा गाभा मात्र आपण विसरलो. मोठ्या तुरुंगांच्या भिंती वाढत गेल्या आणि स्वतंत्रपुरे वाढली नाहीत.

प्रत्येक बाईने दार उघडलेच पाहिजे, असा या अंकाचा आग्रह नाही. ज्याने घरातच मार दिला, त्याच्याबरोबर पुन्हा राहायचे की नाही हे तिनेच ठरवायचे आणि त्या निर्णयामागेही समाजाने उभे राहायला हवे. ज्यांच्या घरातले माणूस गुन्ह्यात बळी गेले, त्यांचे दुःखही इथे कमी लेखायचे नाही. पण जिने दार उघडले आहे, तिला एकटीला हे ओझे वाहायला लावणे अन्यायाचे आहे.

म्हणून वाचकांकडे एक मागणे. तुमचे गॅरेज असेल, छापखाना, बेकरी, सुतारकामाचा कारखाना किंवा खानावळ असेल, तर यंदा त्यात एक जागा अशा माणसासाठी ठेवा. त्याच्या कामाची परीक्षा घ्या, पगार इतरांइतकाच द्या. आणि त्याची बायको तुमच्याकडे चौकशीला आली, तर तिला दारात उभी न करता आत बसायला सांगा.