‘सर्व्हर डाउन’ हे उत्तर नव्हे

‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या!’ खिडकीपलीकडून हे वाक्य आले की माणूस मुकाट्याने परत फिरतो. पाऊस जसा दैवाधीन, तसाच सर्व्हरही, असे आपण धरून चाललो आहोत. तसे मुळीच नाही.

यात काय पणाला लागते, ते नाशिकच्या शेतकऱ्याला विचारावे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर पिकांची नोंद मोबाइलच्या ॲपवर, ई-पीक पाहणीतून होऊ लागली. 2023 मध्ये सरकारने कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, कमाल 200 क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केले आणि सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची अट घातली. म्हणजे डेटाबेसमधल्या एका ओळीचे मोल 70 हजार रुपयांपर्यंत गेले!

हातातले ॲप ही नुसती खिडकी. खरी वही दूरच्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये असते आणि तिथे एका वेळी ठरावीक जणांनाच प्रवेश मिळतो. लासलगावच्या बाजारात भुईकाट्यावरच एखादा ट्रॅक्टर बंद पडला, तर मागची रांग थेट रस्त्यावर येते. काटा मोडलेला नसतो. तो अडलेला असतो. सर्व्हरचेही बहुधा असेच होते.

काही वर्षे मी अशाच एका नोंदणी यंत्रणेची देखभाल करीत होतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी ॲप थांबले. आम्ही घाईने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. दहा मिनिटे काम चालले, पुन्हा ठप्प! तीनदा हेच झाले. शेवटी संध्याकाळी सर्व्हरची रोजनिशी, म्हणजे लॉग उघडला. सगळ्या जोडण्या संपल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते. त्या कोणी अडवल्या, ते पाहिले. एक मोठा अहवाल दर थोड्या वेळाने आपोआप सुरू होत होता आणि अनुक्रमणिका नसलेल्या ग्रंथासारखी सारी वही पान न् पान चाळत होता. तो थांबवताच रांग हलली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या माहितीला अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स जोडला आणि अहवालाची वेळ रात्रीची केली.

रोजनिशी आधी वाचली असती, तर चार तास वाचले असते. त्या चार तासांत किती जण घरी परतले, याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नाही. ती रुखरुख अजून जात नाही.

यंत्र बंद पडणे समजू शकते. पण कारण न शोधता माणसाला परत पाठवणे क्षम्य नाही. सर्व्हर बंद असेल तेव्हा कागदावर अर्ज घ्यावा, त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारावा आणि जितके तास यंत्रणा बंद, तितकी मुदत वाढवावी. आपणही पडद्यावरचा संदेश आणि वेळ टिपून ठेवावी. ‘उद्या या’ म्हणणाऱ्याला ‘आज काय बिघडले?’ एवढे तरी विचारावे.